नाव घे गं, दुखण्याचंसुद्धा!

आधी पाय वर घेऊन बस बघू. पाण्याचा तांब्या हाताशी ठेव आणि मोबाइल उलटा करून बाजूला ठेव. त्यात दर दहा मिनिटांनी काहीतरी शोधतेस आणि मग रात्रभर जागी राहतेस, हे मला न सांगताही कळतं.

तुझं झालंय काय, की घरात सासूबाई एक बोलतात, गावची आशा कार्यकर्ती, म्हणजे आपली आशाताई, दुसरं बोलते, दवाखान्यातली सिस्टर तिसरंच काहीतरी कागदावर लिहिते. सगळं बोलणं तुझ्याच पोटाविषयी, आणि त्यातलं निम्मं तुला कळत नाही. विचारायचं तर लाज वाटते. खरं सांगू का, पहिलटकरीण कळांना घाबरते त्याहून जास्त या न कळलेल्या शब्दांना घाबरते. म्हणून आज आपण दोघी मिळून ते सोडवू. काही शब्द घरासाठी असतात, काही दवाखान्यासाठी. कुठला कुठे वापरायचा एवढं कळलं, की बाकीचं तू निभावशील.

आता पहिलाच बघ. ‘दिवस गेले’ म्हटलं तरी बाई गरोदर, आणि ‘दिवस राहिले’ म्हटलं तरी गरोदरच! एरवी जाणं वेगळं, राहणं वेगळं. इथे मात्र दोन्ही एकच. शेवटी ‘दिवस भरले’ की बाळ यायची वेळ झाली. मध्ये कोणी ‘दोन जिवांची’ म्हणेल, कोणी ‘गोड बातमी’ म्हणेल, आणि नवऱ्याला तर ‘तिला जरा बरं नाही’ याच्यापुढे शब्दच सुचत नाहीत. म्हणू दे. फक्त गोठ्यातला शब्द घरात येऊ देऊ नकोस. माझ्या शहरात वाढलेल्या भाच्याने भर पंगतीत विचारलं होतं, ‘मावशी गाभण आहे का?’ सगळ्यांच्या हातातले घास तसेच राहिले. गाय-म्हैस गाभण असते, ती विते. बाई गरोदर असते आणि बाळंत होते. त्याला नंतर मी हे शिकवलं, पण तोवर सासरी माझं नाव पडायचं ते पडलंच.

तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात, म्हणजे चार घरच्या बायकांत, गाजावाजा न करता. पहिल्या तीन महिन्यांत पोट खाली होण्याची भीती जास्त असते, तेव्हा गावभर सांगू नये, असा त्यामागचा शहाणपणा. तो मला पटतो. पण बघ, ही चोरी शेजाऱ्यांशी असावी, आशाताईशी नको. पाळी चुकली की तिला लगेच सांगायचं. 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं, की माता बाल संरक्षण कार्ड मिळतं, रक्त-लघवी तपासतात, आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू होतात. बाळाचा मेंदू आणि मणका पहिल्याच आठवड्यांत घडत असतो, म्हणून त्या गोळ्या तेव्हाच लागतात. ‘तिसरा सरू दे, मग बघू’ म्हणत थांबलीस तर गोळ्यांचा मोका गेला.

आता मोजदाद. इथे भल्याभल्या गोंधळतात. सासूबाई म्हणतात, ‘हिला सातवा लागला.’ तुझी आई म्हणते, ‘सहावा सरला.’ दोघी एकच सांगतायत, पण डॉक्टरला त्यातलं काही नको असतं. डॉक्टर आठवडे मोजतात, आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या तारखेत नऊ महिने मिळवायचे आणि वर सात दिवस, की झाली तुझी तारीख. एकूण 280 दिवस, 40 आठवडे. आपल्या आज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणायच्या. कॅलेंडर घेऊन बघ, फार तर तीन-चार दिवसांचा फरक पडतो. मला पहिल्या खेपेला सिस्टरने तारीख विचारली, तर मी ऐटीत म्हटलं, ‘आखाजीच्या आसपास.’ म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या. ती जळगावचीच होती म्हणून तिला आखाजी तरी कळली! तू असलं काही करू नकोस. तारीख आकड्यात लिहून कार्डातच ठेव. आणि ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं कोणी म्हटलं तर एका कानाने ऐक. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळच देतो. आठवा सातव्यापेक्षा केव्हाही बरा.

दुसरा प्रश्न असतो, ‘कितवी खेप?’ याचं उत्तर घरच्या हिशेबाने देऊ नकोस. घरचा हिशेब मांडीवरच्या लेकरांचा असतो. डॉक्टरला हवं असतं, दिवस कितीदा राहिले. मध्ये एखादं पोट खाली झालं असेल, क्युरेटिंग करून घेतलं असेल, गोळ्या घेतल्या असतील, तर तेही त्यात आलं. सासूबाई शेजारी बसल्या असतील आणि त्यांना माहीत नसेल, तर ‘मला एकटीला बोलायचंय’ असं सिस्टरला सरळ सांग. त्या बाईने असलं हजारदा ऐकलेलं असतं. आधीचं लपवलं तर या वेळी रक्तगट, पिशवी, टाके यांचा अंदाज चुकतो, म्हणून तर त्या विचारतात.

मग येतात डोहाळे. हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतात त्याला दोहद म्हणतात. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या बाईला दौहृदिनी म्हटलंय, म्हणजे दोन हृदयांची. एक तिचं, एक बाळाचं. आपली ‘दोन जिवांची’ तिचीच मराठी बहीण. तुला कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खावासा वाटतोय, भरीत खावंसं वाटतंय, तर खा. छातीत जळजळ झाली तर तिखट कमी कर, एवढंच. पण भिंतीची माती, कोळसा, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली, तर ते कौतुकाचे डोहाळे समजू नकोस. शरीरात लोह कमी असलं की बरेचदा असं होतं. मी पेन्सिली इतक्या खाल्ल्या, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटलं घरात शिकवणी काढली! रक्त तपासलं तेव्हा खरं कारण कळलं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे ‘रक्त कमी’. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या रोज एक, किमान 180 दिवस. त्यांनी शौचाला काळं होतं, कधी कडक होतं. तेवढ्याने बंद करू नकोस. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घे, चहाबरोबर घेऊ नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कान इकडे कर.

‘अंगावरून जातंय.’ हे आपल्याकडचं सगळ्यात घातक वाक्य आहे बघ. बाई एवढंच म्हणते आणि मान खाली घालते. समोरच्याला कळायचं काय? पांढरं जातंय, लाल जातंय की पाणी जातंय? तिन्ही वेगळी. पांढरं थोडं जाणं गरोदरपणात नेहमीचं. खाज, वास, हिरवट-पिवळा रंग असेल तर औषध लागतं. लाल म्हणजे रक्त, आणि ते कुठल्याही महिन्यात, थेंबभर का असेना, त्याच दिवशी दाखवायचं. पाणी म्हणजे पाणमोट फुटली असेल. तेव्हा घड्याळात वेळ बघायची, पाण्याचा रंग बघायचा आणि निघायचं. हिरवट किंवा चहासारखं असेल तर पोचल्या पोचल्या आधी तेच सांगायचं. तेव्हा यापुढे तू ‘अंगावरून जातंय’ म्हणायचं नाही. रंग सांगायचा, किती ते सांगायचं, केव्हापासून ते सांगायचं.

लाज वाटते? सगळ्यांनाच वाटते गं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या बायका तपासल्या होत्या. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं होतं, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात जेमतेम आठ. बाकीच्या अंगावर काढत होत्या. आणखी मागे जा. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला निघाल्या, त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी हेच सांगितलं, की बायका पुरुष डॉक्टरपुढे संकोचतात, म्हणून आपल्याला आपल्या बाई डॉक्टर हव्यात. 1886 मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयही बाळंतपणशास्त्राचाच होता. तेव्हा तुझ्यासमोर बाई डॉक्टर बसली असेल तर ती कुणाच्या तरी कष्टाने तिथे आलीय, तिच्याशी बोल. आणि पुरुष डॉक्टर असेल तरीही बोल. डोहाळजेवणात शंभर बायकांपुढे नवऱ्याचं नाव यमक जुळवून घेतेस ना? मग दुखण्याचं नाव एका डॉक्टरपुढे घ्यायला काय हरकत आहे!

सोनोग्राफीच्या कागदावरच्या शब्दांनी तू परवा रडलीस, असं तुझी आई म्हणाली. एकेक बघू. ‘वार खाली आहे’ असं पाचव्या महिन्यात लिहिलं असेल, तर पोट वाढतं तशी वार बहुतेक जणींची वर सरकते. पुढच्या तपासणीत पुन्हा बघतात. तोवर रक्त गेलं तर थांबायचं नाही, एवढं लक्षात ठेव. ‘नाळ गळ्याभोवती’ हे वाचून आपल्याला फास दिसतो, पण तीन-चार बाळंतपणांत एखाद्यात असं असतंच, आणि तेवढ्यासाठी सिझर लागतंच असं नाही. ‘बाळ पायाळू’ म्हणजे डोकं वर, पाय किंवा बूड खाली. सातव्यात पुष्कळ बाळं तशी असतात, नंतर आपली आपण फिरतात. शेवटच्या महिन्यातही तसंच असेल तर मोठ्या दवाखान्यात नाव घालून ठेवायचं. आणि ‘पाणी कमी’ असेल तर किती कमी, पुन्हा कधी दाखवायचं, हे दोनच प्रश्न विचार. उत्तर कार्डावर लिहून घे.

एक गोष्ट मात्र त्या कागदावर तुला कधीच दिसणार नाही, आणि दिसूही नये. मुलगा की मुलगी. डोहाळजेवणात पेढा निघाला की बर्फी, यावर हसायचं आणि दोन्ही खायचं. पण सोनोग्राफीवाल्याला विचारणं आणि त्याने सांगणं, दोन्ही गुन्हा आहे. महाराष्ट्राने असा कायदा देशाच्या आधी, 1988 मध्ये केला. देशाचा आला 1994 मध्ये. तरी 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 842 मुलीच होत्या. अहिराणीत आपण आंडोर आणि आंडेर म्हणतो. दोन्ही शब्द एकाच मातीतले, पण एकाच्या वेळी घर नाचतं आणि दुसऱ्याच्या वेळी ‘असू दे, पुढच्या वेळी’ म्हणतं. तुला कोणी तसं म्हटलं तर गप्प बसू नकोस. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणून हसण्यावारी नेलंस तरी चालेल, पण उत्तर दे.

आता सूज. पाय सुजले की सासूबाई म्हणतील, ‘गरोदरपणात होतंच.’ खरं आहे, संध्याकाळी पावलं सुजतात आणि सकाळी उतरतात. पण चेहरा सुजला, अंगठी बोटातून निघेना, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात किंवा बरगडीखाली दुखतंय, तर त्याचं नाव सूज नाही. ते वाढलेलं बीपी असू शकतं. ते वाढत गेलं की झटके येतात. गावात त्याला ‘वारं लागलं’ म्हणतात आणि कांदा हुंगवत बसतात. त्यात वेळ जातो गं. झटका आला की लगेच 108 ला फोन. आणि वरचं काहीही दिसलं तर झटक्याची वाट न बघता त्याच दिवशी बीपी मोजून घ्यायचं. बाळाचं फिरणं कमी वाटलं तरी तसंच. पाचव्याच्या सुमाराला ते फिरताना जाणवू लागतं, आणि मग तुला त्याच्या वेळा पाठ होतात. नेहमीपेक्षा कमी लाथा मारतंय असं वाटलं तर ‘झोपलं असेल’ म्हणायचं नाही.

कळांचं बघ. आपल्याकडे ‘ळ’ चा ‘य’ होतो. धुळ्या-अमळनेरच्या अहिराणीत होतो, रावेर-यावलकडच्या लेवा बोलीतही होतो, असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच बोलीतल्या. म्हणून आपली आजी बाळंतिणीला ‘बायतीन’ म्हणते आणि कळांना ‘कया’. आता पुण्याकडचा नवा डॉक्टर बदलीवर आलेला असेल आणि तू ओरडलीस, ‘माय वं, कया येई राह्यन्यात!’ तर तो बिचारा क्षणभर बघत राहील. ओरड तू हवी तशी. त्या वेळी कुणी व्याकरण बघत नाही. पण सोबत जी बाई नेशील ती दोन्ही भाषा बोलणारी ने, आणि कळा किती मिनिटांनी येतात हे तिने घड्याळ लावून सांगावं.

खोट्या कळा आणि खऱ्या कळा कशा ओळखायच्या? खोट्या कळा येतात, पोट कडक होतं, कूस बदलून पडलीस किंवा पाणी प्यायलीस की ओसरतात. खऱ्या कळा कमरेतून सुरू होऊन पुढे येतात, ठरावीक वेळाने येतात, मधलं अंतर कमी होत जातं आणि विश्रांती घेतली तरी थांबत नाहीत. दिवस भरायच्या आधी, म्हणजे 37 आठवड्यांच्या आत अशा कळा आल्या, तर अंतर मोजत घरी बसायचं नाही.

आत गेल्यावर सिस्टर म्हणेल, ‘पिशवीचं तोंड चार बोटं उघडलंय’, किंवा सेंटिमीटरमध्ये सांगेल. दहा सेंटिमीटर म्हणजे पूर्ण. पहिल्या खेपेला तिथवर पोचायला बराच वेळ लागतो, तेव्हा ‘अजून किती’ विचारून स्वतःला दमवू नकोस. ‘कळ काढ’ म्हणजे सोस, आणि ‘कळ आली की जोर लाव’ म्हणजे आता ढकल. मी पहिल्यावर जोर लावला आणि दुसऱ्यावर शांत पडून राहिले. सिस्टर मला जे काही बोलली ते तू माझ्याकडून ऐकू नकोस! बाळ आलं की सगळे म्हणतात ‘हातीपायी सुटली’. पण सुटका पूर्ण होते वार पडल्यावर. आजी बाहेरून आधी ‘वार पडली का?’ विचारते ना, तिचं बरोबर आहे. वार अडकली किंवा तिचा तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. बाळंतपणानंतर तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, गाठी पडू लागल्या, चक्कर आली, तर कोणी झोपलं असो, उठवायचं.

आणि सिझर झालं तर ‘हिला जमलं नाही’ असं कोणाला म्हणू देऊ नकोस. पूर्वी ‘अडली’ हा शब्द होता. अडलेली बाई गाडीत घालून तालुक्याला नेईपर्यंत काय काय व्हायचं, ते आपल्या आज्यांना विचार. आज तो शब्द कमी ऐकू येतो, त्याला कारण हे टाकेच.

मग तू बाळंतीण. सव्वा महिना तुझं राज्य, आणि तुझ्यावरही सगळ्यांचं राज्य! मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीची भाकरी, शेपू, लसूण, सगळं खा. पण ‘पाणी पिऊ नको, पोट सुटेल’ हे ऐकू नकोस. दूध पाण्यातूनच उतरतं. तुझी तारीख चैत्र-वैशाखातली, त्यात आपल्या जळगाव-भुसावळचा पारा 45 ला टेकतो. बंद खोलीत शेगडी, वर धुरी, डोक्याला स्कार्फ आणि कानात कापूस! थंडीत एखादीला शेक बरा वाटत असेल, पण बंद खोलीतला कोळशाचा धूर बाळंतिणीला आणि तान्ह्याला विष आहे. खिडकी उघड. सासूबाईंना वाईट वाटेल तर माझं नाव सांग, मी त्यांच्याशी बोलेन.

पहिलं पिवळसर दूध म्हणजे चीक. गोठ्यात आपण वासराला आधी चीक पाजतो आणि मग खरवसाला उरलेला काढतो. मग आपल्याच लेकराचा चीक पिळून का टाकायचा? पहिल्या तासाभरात बाळ छातीशी घे. सहा महिने फक्त तुझं दूध. मध चाटवणं नको, गुटी नको, पाणीही नको.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणे. षष्ठीची सटवाई. पूज खुशाल. तान्ह्यासाठी पहिला आठवडा खरंच सगळ्यात नाजूक असतो, आणि आपल्या बायकांना तो धोका आकडेवारीशिवाय ठाऊक होता. फक्त सटवाईबरोबर आशाताईलाही घरात येऊ दे. दवाखान्यात बाळंत झालीस तर ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते, वजन करते, ताप बघते, नाळ बघते. घरी जाऊन तान्ह्याला जपण्याची ही रीतही डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामातूनच पुढे आली आणि देशभर गेली. बाळ नीट पीत नसेल, गार पडलं असेल, श्वास जोरात चालला असेल तर तिच्या फेरीची वाट बघू नकोस. तुला ताप आला आणि अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला तर त्याला ‘बाळंतरोग’ म्हणत काढे घेत बसू नकोस. तो जंतूंचा संसर्ग आहे, त्याला गोळ्या-इंजेक्शन लागतं.

आणखी एक, आणि हे कोणी सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुला उगाच रडू येईल. बाळ गोड, घर भरलेलं, आणि तू उशीत तोंड घालून रडतेस. बायका म्हणतील, ‘नजर लागली.’ मीठ-मोहरी ओवाळू दे, त्याने काही बिघडत नाही. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांत ओसरतं. पण ओसरलं नाही, झोप येईना, बाळाकडे बघावंसं वाटेना, जीव नकोसा झाला, तर ते दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. डॉक्टरला सांग. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416 नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. आणि मी आहेच. रात्री दोनला फोन केलास तरी उचलीन. बडबडेन जरा, पण उचलीन.

आता ऊठ आणि तीन कामं कर. कार्डाच्या आतल्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट, कितवी खेप, आशाताईचा नंबर, आणि 102, 108 हे नीट अक्षरात लिही. बँकेचं पासबुक आणि आधार त्यातच ठेव. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर 6000, आणि कागद नसले की बायका फेऱ्या मारत बसतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण, गाडी सगळं मोफत आहे, तेव्हा पैशासाठी घरी थांबायचं कारण नाही. तिसरं काम, महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे जा. जाताना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ने, आणि उन्हं चढायच्या आत सकाळच्या एसटीने जा. डबा घे. नवऱ्यालाही घेऊन जा, पिशवी धरायला. आत काय काय विचारतात ते त्यालाही एकदा ऐकू दे.